पांढरी रेघ

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. मिक्सरची फुटकी भांडी, पंख्याची पाती, दोऱ्यांनी बांधलेली रद्दी, आणि या सगळ्यावर आडवी पडलेली एक चपटी लाकडी पेटी. झाकण निखळलेलं. आत फोमच्या खाचांमध्ये लाकूड कोरायची बारा हत्यारं ओळीनं बसवलेली. अकरांच्या पात्यांवर कारखान्यातून आलेलं तेलाचं पिवळट आवरण जसंच्या तसं होतं. बारावं तेवढं वापरलेलं दिसत होतं. चमच्याची वाटी कोरायला लागतं ते टोकाशी वळलेलं पातं. शेजारी एक अर्धवट चमचाही कोंबला होता. आंब्याच्या फळीचा, मानेपाशी तडकलेला, आणि वाटीच्या जागी लाकूड उचकटल्याचे पाच-सहा ओरखडे. दुपारचं ऊन त्या वळलेल्या पात्यावर आलं तेव्हा धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसाएवढी पांढरी रेघ चमकली. पुढच्या क्षणी पेटी काट्यावर गेली. लोखंडाच्या भावानं.

ती रेघ मनातून जाईना. धार ज्याला म्हणतात ते दोन उतारांचं मिलन असतं, आणि ते नीट झालं असेल तर तिथे उजेड पडायला जागाच उरत नाही. पातं कसंही फिरवा, धार काळीच दिसते. पांढरी रेघ दिसली म्हणजे तिथे एक सपाट पट्टी आहे, बोथट, डोळ्याला दिसण्याइतकी रुंद. एखादा भाग वापरून बोथट झाला तर रेघ तुटक दिसते. इथे ती सलग होती. म्हणजे त्या पात्याला धार कधी लागलीच नव्हती. कुणीतरी हौसेनं संच मागवला, संध्याकाळी खिडकीपाशी बसून जोर लावला, मनगट दुखवून घेतलं, आणि हे आपल्या हाताला जमायचं नाही असं मानून पेटी मिटली.

हाताची काहीच चूक नव्हती.

लाकडी चमचे कोरायची हत्यारं निवडण्याचा विषय निघाला की बोलणं थेट दुकानाकडे वळतं. कुठला ब्रँड, किती नग, केवढ्याला. मला वाटतं सुरुवात ओट्यापासून करावी. आपल्या भाषेनं या कामाची अर्धी वर्गवारी आधीच करून ठेवली आहे. चाटू, उलथणं, डाव, पळी, डवली, प्रत्येकाचा आकार वेगळा, म्हणून नाव वेगळं. चाटूला वाटी नसतेच. पिठलं घोटायला लागणारी ती एक चपटी, कडेला पातळ होत गेलेली पट्टी. उलथणंही तसंच. म्हणजे ही दोन करायला वाकडं पातं लागत नाही, सरळ सुरी पुरते. डावाची वाटी उथळ, सात-आठ मिलिमीटर खोल. तिला पसरट वळणाचं पातं हवं. आमटीच्या पळीची वाटी दोन-अडीच सेंटीमीटर खोल जाते. तिथे पसरट पातं तळापर्यंत पोचत नाही, घट्ट वळणाचं दुसरं लागतं. आणि डवलीची वाटी तर नारळानंच करून ठेवलेली. करवंटीला समोरासमोर दोन भोकं पाडायची, दांडा तासून आरपार ओवायचा, झालं. गिरमिट आणि सुरी, एवढ्यावर एक पूर्ण वस्तू हातात येते. पहिल्या महिन्यात एक चाटू, एक उलथणं आणि एक डवली केली, तर सुरीवर हात बसतो आणि वाकड्या पात्याचे पैसे खर्च करायचे की नाही हेही कळतं. बारा नगांची पेटी हा क्रमच मोडून टाकते.

तेव्हा पहिली खरेदी सरळ सुरीची. पातं सहा ते आठ सेंटीमीटर लांब, अडीच-तीन मिलिमीटर जाड, टोकाकडे निमुळतं. ढाळ, म्हणजे धारेकडे येणारा उतार, दोन्ही बाजूंनी सपाट आणि मिळून वीस-पंचवीस अंशांचा. सपाट ढाळाचं महत्त्व हातात घेतल्याशिवाय पटत नाही. तो लाकडावर टेकतो, रंध्याच्या तळासारखा आधार देतो, आणि मग किती खोल जायचं हे मनगटाच्या जराशा कलानं ठरवता येतं. स्वयंपाकाच्या सुरीचं पातं पातळ आणि रुंद. ती लाकडात शिरते पण वळत नाही, जोर दिला की लवते. घडीचा चाकू दाबाखाली बोटांवर मिटू शकतो. आणि तुकडे मोडत जाणारा स्टेशनरीचा कटर तर या कामाला अजिबात वापरू नये. त्याचं पातं आडव्या दाबानं तुटतं आणि तुकडा डोळ्याच्या दिशेनं उडतो. स्वीडनमधल्या मोरा या गावच्या चाकू कंपनीची सुरुवात १८९१ची. तिथले १०६ आणि १२० या क्रमांकांचे दोन चाकू या कामासाठी जगभर वापरले जातात आणि आपल्याकडेही मागवता येतात. १०६चं पातं साधारण आठ सेंटीमीटर, १२०चं सहा. मधे कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ, असे थर असल्यामुळे धार टिकते आणि दगडावर पटकन लागतेही. नवशिक्यानं १२० घ्यावा. टोक हाताजवळ राहतं, आणि चमच्याच्या मानेतलं वळण छोट्या पात्यानं नीट निघतं. एवढं मात्र लक्षात असू द्यावं की हे पोलाद गंजतं. खाडीकाठच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर टेबलावर राहिलं तरी सकाळी तांबूस ठिपके दिसतात. काम झालं की पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही. चामडं ओल धरून ठेवतं.

सुरी चालवायच्या पकडी वर्णनात अवघड वाटतात. एक पकड मात्र मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगावी लागू नये. सुरीचा हात गुडघ्याला टेकवून घट्ट रोवायचा, पातं अजिबात हलवायचं नाही, आणि दुसऱ्या हातानं लाकूड मागे ओढायचं. म्हणजे विळीच. पातं स्थिर, हलायचं ते कापायच्या वस्तूनं. दुधी चिरताना जो अंदाज अंगठ्यात असतो, तोच इथे लागतो. लांबलचक, सलग ढलपी निघते आणि सुरी शरीराकडे येण्याचा प्रश्नच उरत नाही. विळीवर बसणाऱ्या पिढीतलं कुणी घरात असेल तर आधी त्यांच्या हातात लाकूड द्यावं. पाय कसा ठेवायचा, पाठ कुठे झुकवायची, हे त्यांना विचारण्यासारखं आहे.

कुऱ्हाडीची गोष्ट शहरात जरा अवघड होते. चमच्यासाठी लागणारी कुऱ्हाड छोटी, फळ, म्हणजे तिचा लोखंडी भाग, सहाशे ते सातशे ग्रॅम, दांडा पस्तीस सेंटीमीटरच्या आसपास, धार दहा सेंटीमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते फळ सरपण फोडायला घडलेलं असतं. गाल फुगीर, पाचरीसारखे. ते लाकूड दुभंगतं, तासत नाही. चमच्याच्या कडेवर घाव घातला की अर्धी कड घेऊन जातं. पण म्हणून ते फळ टाकून देऊ नये. धारेपासून मागे दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत दोन्ही गाल कानशीनं उतरवले आणि धारेचा कोन तीस अंशांवर आणला, तर तेच फळ चांगलं तासतं. कानसच वापरावी. ग्राइंडरवर धार निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरलंच म्हणून समजा. निळा भाग घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही. आगरी-कोळी घरांत कोयता असतोच, आणि फांदी फोडायला, साल काढायला तो उत्तम. तासायला मात्र तो हाताला थकवतो. त्याचं वजन पात्याच्या लांबीवर पसरलेलं असतं. कुऱ्हाडीचं वजन धारेच्या थेट मागे असल्यामुळे हात नुसता वर न्यायचा, खाली ती स्वतः येते.

आणि आवाज. सातव्या मजल्यावर ठोकळ्यावर पडणारा प्रत्येक घाव सहाव्या मजल्याच्या छताला लागतो. ठोकळ्याखाली जुना टायर किंवा दोन पदरी रबरी मॅट टाकली तर बराच फरक पडतो, पण रात्री नऊनंतर तेही करू नये. ज्यांना फक्त रात्रीच वेळ मिळतो त्यांनी कुऱ्हाडीचा नाद सोडावा आणि बारीक दातांची करवत घ्यावी. तुकड्यावर चमचा आखायचा, मानेच्या दोन्ही बाजूंना आखलेल्या रेघेपर्यंत सेंटीमीटर-सेंटीमीटरवर आडवे काप घ्यायचे, आणि मधले तुकडे पटाशीनं हातानं ढकलून पाडायचे. वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांत होतं, शेजारी झोपलेले राहतात. घाव घालताना लाकडाच्या मागे डावा हात नेमका किती खाली आलाय याचीही धास्ती नाही.

आता वाकडं पातं. त्या पेटीतला एकुलता एक वापरलेला नग.

इथे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. सरळ सुरीत उणीव असली तर दगडावर भरून निघते. वळणातच खोट असेल तर ती घासून जात नाही. पाहायच्या गोष्टी तीन. पहिली, एकधारी आहे का. दुधारी पातं दोन्हीकडून कापतं म्हणून आकर्षक वाटतं, पण त्याच्या पाठीवर अंगठा टेकवता येत नाही, आणि वाटी कोरताना निम्मा जोर त्या अंगठ्याचाच असतो. दुसरी, डाव्या हाताचं की उजव्या. उजव्या हाताचं हत्यार उजव्या मुठीत धरलं की धार अंगठ्याकडे येते. मोराच्या १६४ क्रमांकाच्या पात्यात दोन्ही प्रकार निघतात. मागवताना डबीवरचं नीट वाचावं, कारण डावखुऱ्या माणसाला उजवं हत्यार मिळालं तर तो आयुष्यभर स्वतःलाच अडाणी समजेल. तिसरी, वळणाची त्रिज्या. ती मोजायला घरातल्या दोन वस्तू पुरतात. दोन-चार मापाच्या बांगडीचा आतला व्यास सत्तावन्न मिलिमीटर असतो. त्या बांगडीच्या कडेला पातं जुळलं तर ते डाव, वाढायचा चमचा, भाजीचा चमचा यांना योग्य. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर. त्या नाण्याला जुळणारं पातं पळीच्या खोलीसाठी. बांगडीवालं आधी घ्यावं. घट्ट वळणानं उथळ वाटी कोरली तर तळात नांगरल्यासारखे चर पडतात आणि ते पॉलिश पेपरनं घासून काढता काढता वाटीचा आकारच बिघडतो.

बाहेरून मागवायचं नसेल तर घडवूनही घेता येतं, आणि हा मार्ग मला फार आवडतो. रस्त्याकडेला पाल टाकून भाता चालवणारे घिसाडी लोहार विळे, कोयते, खुरपी ट्रकच्या कमानपाट्यातून काढतात. ते पोलाद चिवट, कुऱ्हाडीला आणि कोयत्याला उत्तम. कोरायच्या पात्याला त्याहून कडक हवं, म्हणून झिजलेली कानस घेऊन जावी. आधी तिचं टोक मोडून पाहायचं. मोडलेल्या जागी दाणा सगळीकडे सारखा, बारीक, राखाडी असेल तर ती आतपर्यंत कडक आहे. नुसती वरची साल वेगळी दिसली तर ती आतून मऊ लोखंडाची, तिचा उपयोग नाही. घडवण्याआधी कानशीचे दात पूर्ण घासून काढायला सांगावं, नाहीतर पाणी देताना त्या चरांतूनच तडा जातो. पट्टी आठ-दहा मिलिमीटर रुंद, दोन-अडीच मिलिमीटर जाड, ढाळ बाहेरच्या अंगाला, वळण बांगडीचं. बांगडी लोहाराच्या हातातच द्यावी. शब्दांत सांगितलेलं वळण प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत पातं तापवून तेलात बुडवलं की ते काचेसारखं ठिसूळ होतं. तसंच वापरलं तर पहिल्याच गाठीवर कपचा उडतो. घरच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर तासभर ठेवलं की घासलेल्या भागावर वाळक्या गवतासारखा पिवळा रंग चढतो. तिथे थांबायचं.

गोल पटाशीबद्दल लोक हमखास विचारतात. सुताराकडे ती असतेच, मग वाकड्या पात्याची गरज काय? गरज लाकूड धरण्याची आहे. पटाशी दोन्ही हात मागते, एक मुठीला आणि एक हातोडीला, म्हणजे लाकूड व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पनं घट्ट बसलेलं हवं. तशी सोय असेल आणि लाकूड चिंचेसारखं कठीण, सुकलेलं असेल तर पंचवीस मिलिमीटरची गोल पटाशी वाकड्या पात्याला मागे टाकते. बाल्कनीत पाटावर बसून काम करायचं असेल तर वाकडं पातंच. लाकूड एका हातात, हत्यार दुसऱ्या, आणि चमचा उजेडात फिरवून पाहता येतो.

हत्यार लाकडावरही ठरतं. त्या पेटीतला चमचा कोरड्या फळीचा होता, आणि फळी करवतीनं कापलेली असल्यामुळे तिच्यातली रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, तिरकी जात होती. चमच्याची मान बारीक केली की तिरकी रेषा तिथे आरपार निघते, आणि जराशा दाबानं मान तिथेच तडकते. ओली फांदी पाचरीनं फोडली तर ती स्वतःच्या रेषेनंच दुभंगते, मग मानेत रेषा सलग राहते. मे महिन्यात महापालिकेची पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झाली की घोडबंदर रोडपासून वाशी-नेरुळपर्यंत फांद्यांचे ढीग लागतात. त्यातली दहा-बारा सेंटीमीटर जाडीची सरळ फांदी विचारून घ्यावी. स्वतः तोडू नये. शहरातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, आणि येऊरच्या जंगलातून तर वाळकी काटकीही आणायची नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. शिवण मिळाली तर भाग्य, मऊ आणि वेडंवाकडं न होणारं लाकूड. पेरूची फांदी बारीक असली तरी घट्ट, गुळगुळीत. आंबा ओला असताना सुखानं कापला जातो, पण दमट हवेत चार दिवसांत निळसर बुरशी धरतो, म्हणून फोडल्या फोडल्या ढोबळ आकार काढून टाकावा. रेन ट्रीची रेषा उलटसुलट, सुरीला वैताग. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, तो धार खातो. कण्हेरीला हातही लावू नये, ती विषारी आहे. फांदीच्या मधला गाभा नेहमी काढून टाकायचा, तडा तिथूनच सुरू होतो. ढोबळ चमचा ओल्या ढलप्यांसकट कागदी पिशवीत आठ-दहा दिवस ठेवला की हळूहळू सुकतो. शेवटचे पातळ काप त्यानंतर घ्यायचे, ताज्या धारेनं. असा काप लाकडाला जी चकाकी देतो ती कुठल्याही पॉलिश पेपरला येत नाही.

म्हणून पेटीतल्या अकरा नगांच्या किमतीत घ्यायच्या वस्तू दुसऱ्याच आहेत. चारशे, आठशे, पंधराशे आणि दोन हजार नंबरचे पाण्यात चालणारे पॉलिश पेपर, गाड्या रंगवणाऱ्यांना लागतात तेच. एक सपाट लाकडी पट्टी, एक अंगठ्याएवढा गोल दांडा, जुन्या पट्ट्याचं चामडं, आणि स्टील चमकवायची हिरवी वडी. महिनाभर पुरेल एवढं धारेचं सामान.

त्या पात्याचं नेमकं काय बिघडलं होतं ते आता सांगता येतं. स्वस्त संचातल्या वाकड्या पात्याला कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यावर शेवटचा हात मारतात, तेव्हा धारेपाशी एक दुसरा, उभा ढाळ तयार होतो. वाटीत पातं टेकवलं की लाकडाला ढाळाचा खांदा लागतो, धार अधांतरी राहते. ती लागावी म्हणून माणूस मूठ उचलतो. मूठ उचलली की धार एकदम खोल घुसते आणि रेषेच्या उलट गेली तर लाकूड उचकटतं. वाटीतले ते पाच-सहा ओरखडे असे पडले होते. आता मी कुणी नवा संच आणलेला पाहिला की आधी पातं खिडकीपाशी न्यायला सांगते. उपाय तासाभराचा आहे. पातं टेबलाच्या कडेला टेकवून स्थिर धरायचं. इथे हलतो तो कागद. चारशेचा कागद सपाट पट्टीला गुंडाळून बाहेरच्या ढाळावर पाठीकडून धारेकडे न्यायचा, वळणाबरोबर पट्टी फिरवत. ढाळावर आधी काळी मार्कर शाई लावली तर कुठे घासलं जातंय ते लगेच दिसतं. शाई धारेपर्यंत सगळीकडून गेली आणि आतल्या बाजूला नखाला खरखरीत कड लागायला लागली की चारशेचं काम संपलं. मग गोल दांड्याला कागद गुंडाळून आतून ती कड हलकेच काढायची, दांडा पात्यावर पूर्ण टेकलेला. जरा तिरका झाला तर आतून नवा उभा ढाळ तयार होईल आणि सगळं पुन्हा करावं लागेल. आठशे, पंधराशे, दोन हजार, मग हिरवी वडी लावलेलं चामडं, तेही कायम पाठीकडून धारेकडेच ओढत.

आणि दर थोड्या वेळानं पातं उन्हात धरायचं. आधी रेघ मुठीजवळ तुटते. मग मधे, जिथे वळण सर्वांत जास्त आहे तिथे, बराच वेळ एक तुकडा हटत नाही, कारण पट्टी तिथे पोचायला कोन बदलावा लागतो. तो तुकडा गेला की टोकाशी एक ठिपका उरतो. तिथे घाई केली तर टोक गोल होतं, म्हणून चार हलके हात, पुन्हा ऊन, पुन्हा चार.